ताळेबंदाबाहेरचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की वसई, नालासोपारा, विरारच्या घराघरांत एक शब्द हमखास ऐकू येतो: कॉमर्स. घरचा गाळा आहे म्हणून कॉमर्स, सीए व्हायचे आहे म्हणून कॉमर्स, बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत म्हणून कॉमर्स, सायन्सला मार्क कमी पडले म्हणून कॉमर्स, आणि काहीच ठरले नाही म्हणूनही कॉमर्स. वसईचे वर्तक महाविद्यालय, गोन्सालो गार्सिया महाविद्यालय किंवा विरारचे विवा महाविद्यालय, कुठेही प्रवेशासाठी आलेल्या मुलामुलींना विचारा, यातलेच एखादे कारण मिळेल. अर्थशास्त्राची ओढ होती म्हणून आलो, असे सांगणारा विरळा. यात वावगे काही नाही. पोटापाण्याची सोय हे शिक्षणाचे फार जुने कारण आहे. मात्र ज्या विषयासाठी आयुष्यातली तीन-चार वर्षे द्यायची तो विषय आहे तरी काय, हे निदान प्रवेश झाल्यावर तरी कुणी सांगायला हवे. हे पुस्तक त्यासाठी आहे.

पूर्वी बी.कॉम. एवढी एकच वाट होती. नव्वदचे दशक संपता संपता मुंबई विद्यापीठाने बीएमएस सुरू केले. मग अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स, फायनान्शियल मार्केट्स असे विनाअनुदानित अभ्यासक्रम एकामागोमाग आले. २०२४-२५ पासून बीबीए-बीएमएससारख्या पदव्या एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत गेल्या, त्यांच्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) सुरू झाली, आणि अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचे नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज करून टाकले. पालकांचा गोंधळ उडाला तो रास्तच होता. पण पाटी कोणतीही असो, आत शिकायचे बरेचसे तेच आहे: सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, लेखांकन, परिव्यय, वित्तीय व्यवस्थापन, कर, थोडे संख्याशास्त्र आणि थोडा कायदा.

अडचण वेळापत्रकात आहे. बिझनेस इकॉनॉमिक्सचा तास वेगळा, फायनान्सचा वेगळा. शिक्षक वेगळे, गाइड वेगळी, पेपर वेगळा. सकाळच्या पहिल्या तासाला मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो, तिसऱ्या तासाला निव्वळ वर्तमान मूल्य काढले जाते, आणि या दोघांची एकमेकांशी ओळख आहे हे पदवी हातात पडेपर्यंत विद्यार्थ्याला कळत नाही. एक विषय 'थिअरीचा', दुसरा 'सम्सचा', अशी त्याच्या मनात वाटणी होऊन बसते. थिअरी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायची आणि सम्स क्लासमध्ये सोडवायची.

खरे तर दोन्ही विषय एकाच व्यवहाराकडे बघतात, फक्त उभे राहण्याची जागा निराळी. वित्तशास्त्र एका घराच्या, एका कंपनीच्या, एका बँकेच्या बाजूने विचारते: आज इतके पैसे घातले तर उद्या किती, कधी आणि किती जोखमीने परत येतील? अर्थशास्त्र विचारते: हाच निर्णय सगळ्यांनी घेतला तर काय होईल, आणि जो खर्च कुणाच्याच वहीत नोंदला गेला नाही तो शेवटी कुणाच्या खिशातून जाईल? पहिला प्रश्न आला तर नोकरी मिळते. दुसरा आला तर आपण राहतो त्या गावाचे काय चालले आहे ते कळते. वसई-विरारसारख्या शहरात राहणाऱ्याला दोन्ही प्रश्न एका दमात विचारता आले पाहिजेत, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे. पुढची उदाहरणे त्यासाठीच निवडली आहेत.

मराठीला हा विषय नवखा नाही. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ मधले आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्र परिभाषा' १८५५ मधली. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये, म्हणजे पदवी यायच्या आधी पुस्तके आली होती. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी बजावले की इंग्लंडातल्या परिस्थितीवर बेतलेले सिद्धांत हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू होत नाहीत. इथली जमीन, इथले कर्ज, इथल्या चालीरीती आधी पाहायला हव्यात. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि वाणिज्य हा पदवीचा विषय झाला. १९१८ मध्ये तिथे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी त्यांचा हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचा तुकडा लहान आहे एवढ्यावरून तो तोट्याचा ठरत नाही, त्या तुकड्याला भांडवल आणि श्रम यांची जोड किती मिळते यावर ते ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. त्याच १९१८ साली वसईत कॅथलिक समाजातल्या मंडळींनी सहकारी तत्त्वावर एक पतसंस्था उभी केली. आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. सिडनहॅमच्या प्राध्यापकाचा सिद्धांत आणि वसईकरांची कृती यांत ठरवून काही संबंध नव्हता. पण लहान तुकड्याला पतपुरवठ्याची जोड हवी, हे दोन्हीकडे एकाच वेळी उमगले होते.

त्या लहान तुकड्यांपासूनच सुरुवात करू. वसईच्या पश्चिम पट्ट्यात अजून वाड्या आहेत. केळी, पानवेली, भाजीपाला, मोगरा, सोनचाफा. पहाटे खुडलेली फुले टोपलीत घालून लोकलने दादरला न्यायची, हा इथल्या कित्येक घरांचा पिढीजात दिनक्रम. पाठ्यपुस्तकात 'पुरवठ्याची लवचीकता' नावाचे एक प्रकरण असते. ते दादरच्या फूलबाजारात अर्ध्या तासात समजते. खुडलेले फूल ठेवून देता येत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मागणी दुप्पट झाली म्हणून वेलीला दुप्पट कळ्या येत नाहीत, म्हणून भाव कडाडतो. पितृपक्षात गिऱ्हाईक नसले तरी फूल खुडावेच लागते, म्हणून भाव कोसळतो. ज्याचा माल टिकत नाही त्याला भाव ठरवता येत नाही. उलट वाडीतल्या केळ्याचे उन्हात वाळवून सुकेळे केले की माल टिकतो आणि विकणाऱ्याच्या हाती थोडी सवड येते. मूल्यवर्धन या भारदस्त शब्दाचा बराचसा अर्थ त्या सवडीत आहे.

आता दुसरी बाजू. वाडी करणाऱ्याने आपला खर्च मांडताना खत, पाणी, मजूर सगळे धरलेले असते. स्वतःची आणि घरच्या बायकांची मजुरी मात्र धरलेली नसते. ती धरली आणि जमीन विकून येणाऱ्या रकमेवर मुदतठेवीचे व्याज किती सुटेल हे शेजारी लिहिले, की वाडी बहुतेक वेळा तोट्यात दिसते. याला संधी परिव्यय म्हणतात. वित्तशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे गणित केले तर उत्तर येईल: विका. त्या एका घरापुरते ते उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही.

पण वाडीत बावखल असते. पावसाचे गोडे पाणी साठवणारे हे वसईतले जुने तळे. त्यातून वाडी शिंपली जाते, पाणी जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात गोडी विहीर ही फार मोठी दौलत आहे. वाडी विकली जाते, बावखल बुजते, त्यावर भराव पडतो, इमारत उभी राहते. विकणाऱ्याला किंमत मिळाली, बिल्डरला नफा मिळाला, घेणाऱ्याला घर मिळाले. तिघांचेही हिशेब चोख. शेजाऱ्याची विहीर मचूळ झाली आणि तो टँकर मागवू लागला, हा खर्च तिघांपैकी कुणाच्याच वहीत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होते, लोकल बंद पडल्या, वीज गेली, मिठागरांवरची कुटुंबे अडकून पडली. पावसाने कहर केला हे खरे, पण पाण्याला थांबायची आणि वाहायची जागाही वर्षानुवर्षे भरावाखाली गेली होती. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात असल्या खर्चाचा विचार मांडला. ज्याने खर्च लादला त्यालाच तो भरायला लावा, करातून लावा, हे त्यांचे सूत्र. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामाईक तळी, कुरणे, मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखवले की माणसे आपसांत नियम करून अशी संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात. त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. बावखलांच्या प्रश्नाला पिगूंचे उत्तर लागू पडते की ऑस्ट्रॉमबाईंचे, हा वर्गात तासभर वाद घालण्याजोगा विषय आहे. पुस्तकात त्याला एक अख्खे प्रकरण दिले आहे.

वाडीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत घर घेणाऱ्याचा हिशेब आता जवळून पाहू. समजा, मे २०२१ मध्ये एका कुटुंबाने विरारला घर घेण्यासाठी २० लाखांचे कर्ज काढले. व्याज ७ टक्के, बदलते; मुदत २० वर्षे. हप्ता बसला १५,५०६ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ११,६६७ रुपये व्याजात गेले आणि ३,८३९ मुद्दलात. वर्षभर नियमित हप्ते भरून मे २०२२ मध्ये शिल्लक राहिली सुमारे १९ लाख ५२ हजार. त्या महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जे बाहेरच्या दराशी, बहुधा रेपोशीच, जोडलेली असल्यामुळे या कुटुंबाचा दरही अडीच टक्क्यांनी चढला. गणित सोपे राहावे म्हणून सगळी वाढ एकदम झाली असे धरू. साडेनऊ टक्क्यांनी १९ लाख ५२ हजारांवर महिन्याचे व्याज होते सुमारे १५,४५७ रुपये. हप्ता १५,५०६. म्हणजे मुद्दल महिन्याला पन्नास रुपयांनीही कमी होत नाही. बँकेने हप्ता तोच ठेवून फक्त मुदत वाढवायची म्हटली तर कर्ज फिटायला आणखी सुमारे ६० वर्षे लागतील. साहजिकच हप्ता वाढतो, आणि स्वयंपाकघराच्या खर्चाला कात्री लागते.

इथपर्यंतचे गणित फायनान्सच्या तासाचे. ते जमलेच पाहिजे, आणि कॅल्क्युलेटरचे बटण न दाबता प्रत्येक पायरी हाताने मांडता आली पाहिजे. पण रेपो दर वाढला का, याचे उत्तर त्या तासाला मिळत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. कच्चे तेल, सूर्यफूल तेल, गहू, खते महागली. एप्रिल २०२२ मध्ये आपली किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर ६ च्या आत ठेवायची कायद्याने जबाबदारी आहे. तिच्या हातातले मुख्य हत्यार व्याजदर. दर वाढला की कर्ज महाग होते, लोक खर्च आवरतात, मागणी थंडावते, भाववाढीचा जोर ओसरतो. विरारच्या त्या कुटुंबाच्या खर्चाला लागलेली कात्री हा या धोरणाचा चुकून झालेला परिणाम नव्हे. हे धोरण अशाच लाखो कात्र्यांतून काम करते. हे ज्याला उमगले त्याच्यासाठी पतधोरण ही वर्तमानपत्राच्या आठव्या पानावरची कंटाळवाणी बातमी राहत नाही.

पूर्वेकडे जाऊ. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहान लहान गाळ्यांमधून काय बनत नाही? सुटे भाग, प्लॅस्टिकच्या वस्तू, स्टीलची भांडी, पॅकिंगचे सामान. या गाळ्यांचे मालक बहुतेक वेळा स्वतःच मशीनवर उभे असतात. त्यांचे एक ठरलेले गाऱ्हाणे असते: धंद्यात नफा आहे, हातात पैसा नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे कोडे वाटते. कच्चा माल रोखीने आणायचा, मजुरी शनिवारी द्यायची, वीजबिल महिन्याला भरायचे, जीएसटी बिल फाडले की लागू, आणि पार्टीचे पेमेंट नव्वद दिवसांनी. मधले तीन महिने कुणी चालवायचे? त्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट, ती पुरली नाही तर भिशी, तीही पुरली नाही तर महिन्याच्या टक्क्याने उचललेली रक्कम. खेळते भांडवल हा धडा म्हणजे या तीन महिन्यांची गोष्ट. ताळेबंदात 'येणे' म्हणून दिमाखात उभी असलेली रक्कम शनिवारी मजुराला देता येत नाही.

आता या गोष्टीत मोठा खरेदीदार आणा. त्याला नव्वद दिवस बिनव्याजी पैसा वापरायला मिळतो, तोही अशा माणसाचा ज्याला स्वतःला चढ्या व्याजाने पैसा उचलावा लागतो. ही ताकदीची विषमता आहे, आणि ती दूर करण्यासाठी २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे बंधन घातले. ते बरीच वर्षे कागदावरच राहिले. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीने त्याला दात दिले: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही. लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. मोठे खरेदीदार या नियमाच्या कक्षेत न येणाऱ्या मध्यम उद्योगांकडे वळले तर लहानांच्या ऑर्डरीच जातील, अशी धास्ती लघुउद्योजक बोलून दाखवू लागले. कायदा करणाऱ्याचा हेतू आणि बाजाराचा प्रतिसाद यांत अंतर कसे पडते, याचे याहून जवळचे उदाहरण शोधायला नको.

पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न वाडीवाल्यालाही आहे आणि गाळेवाल्यालाही. आपल्याकडे सहकारी बँकेवर लोकांचा जीव आहे, आणि शतकभराच्या अनुभवाने तो कमावलेला आहे. पण सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि पहिल्या आदेशात खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती, हेही विसरता येत नाही. बँकेच्या एकूण कर्जातला ७० टक्क्यांहून अधिक वाटा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेला असल्याचे तपासात पुढे आले. या समूहाचे मोठे प्रकल्प वसई-विरारमध्येच होते. एकाच टोपलीतली सगळी कर्जे, ती लपवणाऱ्या नोंदी, लेखापरीक्षणातून निसटलेली बाब, ठेवीदारांची रांग: बँकिंगच्या पेपरातले निम्मे प्रश्न या एका प्रकरणात आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचा विमा १ लाखावरून ५ लाखांवर गेला आणि पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीने निर्बंध लागलेल्या बँकेच्या ठेवीदारांना ही रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली. जानेवारी २०२२ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

इथेही दोन्ही प्रश्न विचारायचे. ठेवीदाराच्या बाजूने: अर्धा टक्का जास्त व्याजासाठी मी किती जोखीम उचलतो आहे, आणि माझे ५ लाखांवरचे पैसे कशाच्या भरवशावर आहेत? सगळ्यांच्या बाजूने: विमा वाढला की ठेवीदार बँकेची चौकशी करणे सोडून देतील का, आणि तसे झाले तर बँकेवर लक्ष कुणी ठेवायचे?

माहितीचा अभाव किती महाग पडतो, हे नालासोपाऱ्याने पाहिले. पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. २०२४ च्या अखेरीस सुरू झालेली ही कारवाई २०२५ मध्ये पुरी झाली. जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. तिथे आयुष्याची पुंजी घालून खोली घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर बाजार खराब मालाकडे झुकतो. त्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. खोलीच्या बाजारात सातबारा, एनए, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र यांची माहिती विकणाऱ्याकडे असते. घेणाऱ्याला एजंट सांगेल तेवढेच कळते. अशा वेळी एक खूण फुकट मिळते: अशा इमारतीवर बँका बहुधा गृहकर्ज द्यायला तयार नसतात. बँकेचा नकार ही सुद्धा माहिती आहे, आणि शेजारच्यापेक्षा निम्म्या किमतीत मिळणाऱ्या खोलीची ती स्वस्ताई म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात घातलेली जोखीम असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्यांना एवढे जरी वेळेवर सांगितले तरी फीचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

आणखी एक सावधगिरी थेट विद्यार्थ्यांसाठी. विरार लोकलमध्ये मोबाइलवर ऑप्शनचे भाव बघणारी कॉलेजची पोरे आता सर्रास दिसतात. फायनान्स शिकतो म्हणजे ट्रेडिंग आलेच, अशी समजूत पसरली आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि दर माणशी सरासरी तोटा खर्चासकट सुमारे २ लाख रुपये होता. वायद्यात एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा. त्यातून दलाली, कर आणि शुल्क वजा केले की सगळ्यांची बेरीज शून्याच्याही खाली येते. समोरच्या बाजूला संगणकाच्या वेगाने सौदे करणाऱ्या संस्था बसलेल्या असतात. हे गणित समजणे म्हणजे फायनान्स शिकणे. ते समजूनही सौदा टाकायचा असेल तर तो अभ्यासाचा भाग धरू नये.

भाषेबद्दल थोडेसे. पदवीची पुस्तके आणि बहुतेक ठिकाणी वर्गही इंग्रजीत चालतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिली दोन सत्रे व्याख्या पाठ करण्यात घालवतो आणि विषय डोक्यात शिरायच्या आधीच परीक्षा उरकते. हे पुस्तक इंग्रजी पाठ्यपुस्तकाला पर्याय नाही. विषय आधी मराठीत समजून घ्यावा, मग इंग्रजीत लिहावा, एवढाच याचा वापर. म्हणून बँकेत, बाजारात आणि गाळ्यावर जे शब्द चालतात तेच ठेवले आहेत. गणिताला भिणाऱ्यांसाठी सांगतो: चक्रवाढ व्याज, टक्केवारी, सरासरी आणि आलेख वाचणे एवढ्या शिदोरीवर पहिली दोन वर्षे निभावतात. कलन लागते ते पुढे, आणि तोवर भीती गेलेली असते.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात घराचा हिशेब: बचत, कर्ज, विमा, घरखरेदी. दुसऱ्यात धंद्याचा: वाडी, मासळीचा व्यवसाय, गाळा, दुकान. तिसऱ्यात शहराचा: पाणी, लोकल, महापालिकेचा अर्थसंकल्प. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे मिळून झाली. काही गावांनी तिच्यात यायला कडाडून विरोध केला. कर किती वाढेल आणि त्या बदल्यात सेवा काय मिळेल, हा त्या वादातला मोठा प्रश्न होता, आणि तो शंभर टक्के सार्वजनिक वित्ताचा प्रश्न आहे. प्रत्येक प्रकरणात आधी आकडेमोड आहे आणि नंतर ती आकडेमोड जिथे थांबते तिथून पुढचे प्रश्न. क्रमाने वाचावे असा आग्रह नाही, पण आकडेमोड सोडून नुसते प्रश्न वाचू नयेत. आकड्यांशिवाय काढलेले निष्कर्ष चहाच्या टपरीवर भरपूर मिळतात.

शेवटी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्या घरातले कुणीतरी एखाद्या सहकारी बँकेचे किंवा पतपेढीचे सभासद असेलच. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत तिची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते, आणि त्याआधी अहवाल सभासदांना उपलब्ध होतो. बहुतेक घरांत तो थेट रद्दीत जातो. या वर्षी तो मागून घ्या. त्यात एकूण ठेवी किती, कर्जे किती, थकीत कर्जांचे प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा वाढले की घटले, आणि नफा कशातून आला, एवढ्या चार गोष्टी शोधा. मग आईबाबांना सभेला पाठवताना एक प्रश्न लिहून द्या: सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे मिळून बँकेचे किती टक्के कर्ज आहे? तो प्रश्न सभेत विचारला गेला, तर या पुस्तकाचे काम झाले.